अक्का मुराळी झाली

मला माहेरी पोचवलं ते उदगीरच्या एका कासारणीनं. बाकीचं सांगायच्या आधी हे लिहून टाकते. माझं असं होतं की सांगायला बसले की मी माझ्या भीतीचंच सांगत राहते आणि जिनं मला त्यातून काढलं तिचं राहून जातं. सगळे तिला अक्का म्हणायचे. उदगीरकडं बोलण्यात कानडी मिसळलेली असते, तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. ती माझ्या गावची नव्हती, जातीची नव्हती, नात्यातली तर नव्हतीच. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन गावोगाव, जत्रेजत्रेत फिरणारी बाई. आणि मी विधवा. माझ्या हातात भरायला तिच्याकडं काही नव्हतं. तरी ती माझ्यासाठी उठली.

मी फार शिकलेली नाही. निलंग्याला मामाकडं राहून तिसरीपर्यंत शाळेत बसले, मग लग्न ठरलं आणि पाटी कोनाड्यात गेली. आता किनवटला मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. दुपारी मुलं शाळेत गेली की चुलीजवळ मी एकटीच असते. मागं जंगल, पुढं रेल्वेचा रूळ, आणि माझ्या बोलीतला एक शब्द बोलणारं माणूस आसपास नाही. एका मुलानं अर्धी कोरी वही टाकून दिली होती, तिच्यात हे लिहिते आहे. अक्षराकडं बघू नका.

माझं माहेर निलंग्याजवळ, आणि मला दिलं भोकर तालुक्यात. दिलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आमच्याकडं कोणी एवढ्या लांब मुली देत नाहीत. पण स्थळ शेतीवाडीचं होतं आणि वडिलांना ते मोडवेना. सासरी माझ्या बोलण्याला हसायचे. मी कमी बोलायला लागले, आणि मग तीच सवय पडली.

सासुरवाशीण आपल्या पायानं माहेरी जात नाही. माहेरहून कोणीतरी न्यायला यावं लागतं. भाऊ असेल तर भाऊ, नाहीतर बाप, चुलता. तो मुराळी. मला भाऊ नव्हता. पंचमीच्या तोंडावर वडील यायचे. थोडं रेल्वेनं, थोडं कोणाच्या गाडीत, बरंचसं पायी. ओसरीवर त्यांचं पायताण दिसलं की माझे हात कामात चुकायचे. तीन पंचम्या ते आले. मग ते गेल्याचा निरोप आला, तोही दिवस उलटून गेल्यावर. त्यानंतर मला न्यायला येणारं कोणी राहिलं नाही. मामा आधीच वारले होते. चुलते होते, पण त्यांचं आणि आईचं जमिनीवरून फाटलेलं. आई एकटीच राहिली. पुढच्या पावसाळ्यात माझा नवरा तापानं गेला. आता मला सासरी धरून ठेवणारं काही नव्हतं आणि तिथून नेणारंही कोणी नव्हतं.

मग रझाकारीचे दिवस आले. त्या दिवसांचं लिहिणारे पुष्कळ आहेत, मी लिहीत नाही. गाव उठलं तेव्हा आम्हीही उठलो. सासू, दीर, जाऊ, त्यांची दोन लेकरं आणि मी पैनगंगा ओलांडून निजामाच्या हद्दीबाहेर छावणीत गेलो. तिथं वर्षभर राहिलो. त्या वर्षात आईचा एक शब्द आला नाही. निलंग्याकडची माणसं सोलापूर-बार्शीकडं गेली एवढं ऐकलं होतं. कोण गेलं, कोण राहिलं, कोण उरलं, हे सांगणारं कोणी नव्हतं. छावणीत सगळी भोकर-हदगावची माणसं. त्यांना निलंगा म्हणजे दुसरा देशच.

पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य बुडालं, आणि छावणी एकदम जागी झाली. जो तो घरचं बोलायला लागला. आम्हाला नांदेडला आणून एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात उतरवलं. तिथून गाववार याद्या करून एकेका गावाला परत पाठवायचं ठरलं होतं. शेडात सरकीचा वास होता. पत्र्याला, खांबाला, कोपऱ्याला कापसाचे तंतू चिकटलेले, आणि ते आमच्या केसांत, भाकरीत, लेकरांच्या नाकात जायचे. पण कोणाची तक्रार नव्हती. रब्बीची पेरणी गाठायची होती. ज्वारी पेरायचे दिवस चालले होते आणि माणसं शेडात बसून ओल किती राहिली असेल त्याचा अंदाज करायची.

परत जायचं म्हणजे नुसतं उठून जायचं नव्हतं. आधी प्रत्येक गावानं दोन माणसं पुढं पाठवली, गाव बघून या म्हणून. आमच्या गावाकडून माझा दीर आणि एक म्हातारा गेले. पाच दिवसांनी आले. शेडभर माणसं त्यांच्याभोवती जमली.

"भिंती हायत," दीर म्हणाला. "माळवदं खाली आलीत. दारं न्हाईत कोणाचीच."

"आमचं?" पन्नास माणसांनी एकदम विचारलं असेल.

"सांगतो की, एकेकाचं सांगतो. ईहिरीत कायतरी मेलेलं हाय. आधी उपसाय लागती. तवर ओढ्याचं पाणी."

"आन् लिंब? देवळाम्होरचा?"

"लिंबाला काय धाड भरली? हाय तसाच हाय."

त्यावर लोक हसले. एक बाई हसता हसता रडायला लागली. मी खांबाला टेकून ऐकत होते. माझ्या मनात त्या गावाचं काहीच येईना. मला दिसत होतं ते आमच्या माहेरचं दार, आणि ते तरी जागेवर आहे का हे सांगायला कोणी पुढं गेलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून तयारी सुरू झाली. पुरुषांनी दोर वळायला घेतले. विहीर उपसायची म्हणून मोटेचं चामडं कोणीतरी बाजारातून आणलं. बायांनी केरसुण्या बांधल्या. घरात शिरल्यावर आधी काय करायचं यावर भांडणं व्हायची. चूल पेटवायची की देव मांडायचे, की आधी झाडायचं. आणि बांगड्या. गावात रिकाम्या हातानं पाऊल टाकायचं नाही, असं सगळ्या बायांनी ठरवलं होतं. वर्षभर कोणाच्या हातात दोन राहिल्या होत्या, कोणाच्या एक, कोणी दोराच गुंडाळला होता.

म्हणून अक्काची पाटी शेडाच्या दाराशी लिंबाखाली लागली. तीही आमच्यासारखीच पलीकडं गेलेली होती. धामधूम सुरू झाली तेव्हा ती हदगावच्या बाजूला कुठल्याशा जत्रेत होती, तिथूनच लोकांबरोबर निघाली. नांदेडच्या बाजारातून उधारीवर माल आणून ती दिवसभर बसायची. बाईचा हात हातात घेऊन बोटं दाबायची, अंगठ्याचं हाड वळवायची आणि बोलता बोलता बांगडी वर चढवायची. बाईला कळायचंसुद्धा नाही.

एखादी बांगडी फुटायची. काचा लेकरांच्या पायात जायच्या. मला काम नव्हतं, म्हणून मी त्या वेचायला लागले. एक बाई म्हणाली, "तू कशाला गं इथं? आज तरी नको."

अक्कानं मान वर केली नाही. "मग काचा कोण येचणार? तुझा नवरा? बोलीव त्याला."

बाया फिदीफिदी हसल्या. ती बाईही हसली. मी काचा वेचत राहिले. दुसऱ्या दिवशीही गेले. तिथं बसलं की कोणीतरी आपल्याकडं बघतंय असं वाटायचं, एवढंच. वर्षभरात तेवढंही नव्हतं.

यादी करणारा कारकून हैदराबादकडचा होता. बोलणं निम्मं उर्दू, निम्मं मराठी. तो एकेका कुटुंबाजवळ यायचा, मांडीवर फळी घ्यायचा आणि प्रत्येक मोठ्या माणसाला तेच विचारायचा: "राजीखुशीनं चाललात ना? कोणाची जबरदस्ती नाही?" माणूस हो म्हणायचा, अंगठा द्यायचा. वरून हुकूमच होता, कोणाला ढकलायचं नाही म्हणून. कोणाला दुसरीकडं जायचं असेल तर तसं लिहायचं, त्याला तिकडचं तिकीट मिळणार होतं.

हे मला आधी कळलं असतं तर मी रात्रंदिवस घोकून ठेवलं असतं. तो आमच्याकडं आला तेव्हा पुढं दीर बसला होता, शेजारी सासू. मी मागं. दिरानं हो म्हटलं, सासूनं हो म्हटलं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

"आणि बाई, तुम्ही? कुठं जायचं?"

माझ्या मनात निलंगा हा शब्द पूर्ण आला होता. खरं सांगते, ओठापर्यंत आला होता. पण पुढं दीर, सासू, परका पुरुष. मी पदर पुढं ओढला आणि खाली बघितलं. आमच्यात सून असंच करते. लग्नात भटजीनं विचारलं तेव्हाही मी असंच केलं होतं, आणि लग्न लागलं होतं.

कारकून क्षणभर थांबला. मग त्यानं लिहिलं आणि शाईचा डबा पुढं केला. मी अंगठा दिला. मला नाव लिहिता येत होतं, पण ते सांगायलाही तोंड उघडावं लागलं असतं.

पुढच्या दिवशी याद्या वाचून दाखवल्या. आमच्या गावाच्या यादीत दिराचं कुटुंब, सासू आणि शेवटी मी. गाड्या परवा निघणार. मी काचा वेचायला गेले, पण दिसेना. बोटात काच गेली.

अक्कानं माझा हात ओढून घेतला. विधवेचा हात हातात घेऊन बसलेली कासारीण बघून एकदोघी थबकल्या. तिनं काच काढली. "तंगी," ती म्हणाली. तिकडं धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. "तुझं माहेर कुठलं गं?"

मी सांगितलं.

"आन् तुला दिलं कुठं?"

"भोकरकडं."

"तुला जायाचं हाय तिकडं?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

"मग तसं बोलायचं की."

"मला कोणी विचारलंच न्हाई."

"विचारलं!" ती एवढ्या जोरात म्हणाली की मी दचकले. "म्या इथनं बघून राहिले होते. त्यानं विचारलं, थांबला, तुझ्या तोंडाकडं बघितलं. आन् तू जिमिनीत काय हुडकत होतीस?"

मी फक्त म्हटलं, की आई आहे की नाही तेही ठाऊक नाही. आणि न्यायला कोण येणार, मला मुराळी नाही.

ती पाटी झाकायला लागली. हातात हात देऊन बसलेली एक बाई म्हणाली, "आगं अक्का, माझ्या दोन ऱ्हायल्या की!"

"एका हातानं जा गावात. दुसरा मागनं येईल म्हणावं."

ती मला घेऊन कारकुनाकडं गेली. तो झाडाखाली कागद बांधत होता. अक्कानं सगळं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला.

"अहो बाई, यादी वर गेली."

"वर म्हंजे? देवाकडं?"

"कचेरीत."

"मग आणा परत. कचेरी काय वैकुंठात न्हाई."

"मी विचारलं होतं यांना," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "या बोलल्या नाहीत. बाई गप्प राहिली म्हणजे हो, असंच धरतात. काय चुकलं माझं?" त्याचं काही चुकलं नव्हतं. मला ते तिथं म्हणावंसं वाटलं, पण तेही म्हणता आलं नाही.

मग तो मऊ आवाजात म्हणाला, "असं बघा, एकटी बाई मी दूर पाठवणार नाही. उद्या काही झालं तर माझी मान. माहेरचं कोणी न्यायला आलं असेल तर बोला, नाव फिरवतो."

"आलंय की," अक्का म्हणाली.

"कोण?"

"मी."

त्याला आधी कळलं नाही. मग तो हसायला लागला. "मुराळी? बाई मुराळी? अम्मा, हे कुठं पाहिलं तुम्ही?"

"पाहिलं न्हाई. आता पाहा. हिच्या लग्नात चुडा म्याच भरला होता. हिच्या मायच्या दारात बसून. मुराळ्यानं मुलगी ओळखायला पायजे ना? मी हात बघून ओळखते."

हे खरं होतं का, मला आजही ठाऊक नाही. माझ्या लग्नात कासारीण आली होती हे खरं. ती कोण होती ते आठवत नाही. मी तेरा वर्षांची होते आणि रडत होते. पुढं प्रवासात एकदा मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मला तरी कुठं आठवतंय? हजार हात."

कारकुनानं कागद पुन्हा सोडले. "सासरच्या माणसाचा होकार लागेल. आणि या बाई स्वतःच्या तोंडानं बोलल्या पाहिजेत. माझ्यासमोर."

दीर म्हणाला, "मला काय इचारता? आईला इचारा." त्याच्या डोक्यात विहीर होती, बैल होते, लेकरं होती. त्याला दोष नाही.

सासू शेडामागं जातं मांडून बसली होती. मी समोर बसले, खुंट्याला हात लावला. आम्ही दोघींनी मिळून दळायचं हे सात वर्षं चाललेलं. तिला आधीच कळलं होतं. शेडात काही लपत नाही.

"कासारणीबरूबर चाललीस म्हणं."

मी जात्यात मूठ टाकली.

"मी म्हातारी झाले. गेल्यावर सारवण हाय, दळण हाय, लेकरं हायत. तुझी जाऊ पोटुशी हाय. तू गेलीस तर कसं व्हावं?"

मी खुंटा ओढत राहिले.

"तुझी माय हाय का न्हाई ते तरी ठावं हाय का?"

"न्हाई."

"आन् नसली म्हंजे?"

सासूनं जातं थांबवलं. पीठ पाळीला तसंच राहिलं. मला वाटलं आता ओरडेल. ती ओरडणारी होती. पण ती माझ्याकडं बघत म्हणाली, "सात वर्सांत तू मला एकदा म्हणली न्हाईस की मला हे पायजे. भाकरी पायजे म्हणली न्हाईस. आता तरी म्हण. त्या कासारणीच्या तोंडानं नगं. तुझ्या."

मी म्हटलं, "आत्याबाई, मला आईकडं जायचंय."

मला माझाच आवाज ओळखू आला नाही. तिनं बाहेर सांडलेले दाणे जात्यात लोटले. मग खुंटा धरून म्हणाली, "मग एवढं पीठ तरी संपवून जा." आम्ही ते दळण संपवलं. ती ओवी म्हणाली नाही, मीही नाही.

कारकुनासमोर मी एवढ्या मोठ्यानं "मला निलंग्याकडं जायचं आहे, राजीखुशीनं" म्हटलं की तिथं बसलेले दोघंतिघं हसले. तोही हसला. त्यानं माझं नाव एका यादीतून खोडलं आणि वेगळ्या कागदावर लिहिलं. त्या कागदावर मी एकटीच होते. खाली त्यानं अक्काचं नाव लिहिलं आणि नात्याच्या रकान्यात काय लिहावं म्हणून पेन थांबवलं. अक्का म्हणाली, "लिवा बहीण."

भोकरच्या गाड्या सकाळी निघाल्या. सासू गाडीत बसली होती, मांडीशी जातं, हातात केरसुणी. मी पाया पडले. ती म्हणाली, "आई नसली तर मागं ये. घर नसलं तरी तिथं आम्ही हाव." गाड्या वळणाआड गेल्या. शेड एकाएकी रिकामं झालं आणि त्यात कापसाचे तंतूच तेवढे उडत राहिले. मला त्या बाईबद्दल इतकं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

आम्ही दोघी रेल्वेनं परळीला गेलो, तिथं गाडी बदलून लातूर रोडला, मग गाडीरस्त्यानं लातूरला. स्टेशनांवर आमच्यासारखीच माणसं होती, गाठोडी घेऊन उलट्यासुलट्या दिशांना चाललेली. प्रत्येकाला विचारायची मला घाई. निलंग्याकडचे का? बार्शीकडून आलात का? अक्का म्हणायची, "पोरी, जरा दम खा. सगळ्या दुनियेला तुझी माय ठावी असती तर बरं झालं असतं." लातूरहून एका आडत्याच्या रिकाम्या गाडीत निलंग्यापर्यंत, आणि पुढं पायी. शेवटच्या कोसात मी तिच्या पुढं पळत होते आणि मधेच थांबत होते. पोचायचं होतं आणि पोचायचं नव्हतं.

घर होतं. दार नव्हतं. आत शिरले तर अंगणातली भिंत पडलेली, चुलीच्या जागी उंदरांनी उकरलेलं, आणि कोणी नाही.

गाव सोडून न गेलेला एक म्हातारा कुंभार होता. तो म्हणाला, "तुझी माय बार्शीकडं गेली लोकांबरूबर. अजून ते लोक आले न्हाईत."

"हाय ना पण?"

"जाताना तर चालत गेली. म्होरचं मला काय ठावं?"

मी उंबऱ्यावर बसले. एवढी धडपड करून मी आईच्या आधी घरी आले होते. अक्कानं पाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि विचारलं, "माती कुठून आणतेत इथं?"

चार दिवस ती राहिली. आम्ही पांढरी माती आणली, शेण कालवलं, भिंत उचलली. कुंभारानं मडकी दिली. दाराच्या जागी आम्ही तुराट्यांचा कूड बांधला. आमच्या मागं पिंजाऱ्याची दोन मुसलमान घरं होती. माझ्या लग्नातल्या गाद्यांचा कापूस त्यांनीच पिंजला होता. त्यांच्या दारांना कुलपं होती. ती माणसं आमचे लोक परत यायच्या आधी निघून गेली होती, असं कुंभार म्हणाला आणि आपल्या चाकाकडं वळला. मी सारवताना त्या कुलपांकडं बघायची. त्यांनाही कोणी राजीखुशीचं विचारत असेल का, आणि विचारलं तर ती काय म्हणत असतील, असं मनात यायचं.

पाचव्या दिवशी अक्का निघाली. मी म्हटलं, आई येईपर्यंत राहा. ती म्हणाली, "मुराळी पोचवतो. ऱ्हात न्हाई. माझंबी घर हाय उदगीरला, बघू तरी हाय का पडलं." तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी घेतली आणि बांधाबांधानं गेली. तिनं मागं वळून बघितलं की नाही ते मला दिसलं नाही, कारण ऊन डोळ्यांवर होतं.

मग मी एकटी. लोक येत होते. आज दोन गाड्या, उद्या एक. प्रत्येक गाडीपुढं मी उभी राहायची. कोणी म्हणायचं, दिसली होती, छावणीत तापानं पडली होती. कोणी म्हणायचं, न्हाई बा, ती दुसरीच. एक बाई म्हणाली, तुझ्या मायनं भोकरकडं जायचा हट्ट धरला होता, लेकीला आणायला म्हणून. मग काय झालं कोण जाणे. ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मी इकडं आले आणि ती तिकडं गेली असेल तर? परत भोकरला निघावं की इथंच थांबावं? निघाले आणि ती आली तर? मी रोज भाकरी दोघींची करायची आणि रोज एक शिळी खायची. दिवाळी गेली. आम्ही दिवा लावला नाही; मी म्हणजे. एकटी असूनही मला आम्ही म्हणायची सवय लागली होती.

भाऊबीज होऊन चार-पाच दिवस झाले असतील. मी विहिरीवरून येत होते. आमच्या तुराट्यांच्या कुडापुढं एक म्हातारी उभी होती आणि कुडाला हात लावून बघत होती, हे आपलंच घर का म्हणून. केस सगळे पांढरे. मी हाक मारली नाही. मला वाटलं, हाक मारली आणि ती दुसरीच निघाली तर?

तिनंच वळून बघितलं. घागर माझ्या डोक्यावर तशीच राहिली.

"तू कशी आलीस?" ती म्हणाली. जवळ यायच्या आधी, रडायच्या आधी तिनं हेच विचारलं. "कोण आलं होतं न्यायला? मला कोणाला धाडता आलं न्हाई गं. वर्स झालं, मी पाया पडत होते एकेकाच्या. कोणी तिकडं जाईना. माझ्या लेकीला न्यायला कोणी न्हाई, हेच मनात..."

"आली होती एकजण," मी म्हटलं. "कासारीण. घर तिनंच सारवलंय."

आई कूड धरून खाली बसली. मी घागर उतरवली आणि तिच्याजवळ बसले. कुडाच्या आत चूल सारवलेली होती, आणि त्या दिवशीची दुसरी भाकरी शिळी झाली नाही.

आई त्यानंतर बरीच वर्षं राहिली. ती गेल्यावर मला ते घर खायला उठलं, म्हणून या नोकरीसाठी एवढ्या लांब आले. भोकरला सासूला मी दोनदा भेटून आले. तीही आता नाही. उदगीरला मात्र जायचं राहिलं. तिकडचा एक बांगडीवाला मागच्या महिन्यात इथल्या बाजारात भेटला. तो म्हणाला, अक्का आहे, पण पाटी सुटली. डोळ्यांत मोतीबिंदू पडलेत, हातानं चाचपून भिंतीकडेनं चालते, आणि लातूरच्या डॉक्टरकडं न्यायला कोणाला सवड नाही.

मला उन्हाळ्यात वसतिगृह बंद झालं की दीड महिना सुट्टी असते. अक्का, ही वही उदगीरला धाडते, तुला कोणीतरी वाचून दाखवील. मी येते आहे. तुला लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेईन, पट्टी सुटेपर्यंत तुझ्याजवळ राहीन, आणि तुला दिसायला लागेपर्यंत परत जाणार नाही. या वेळी मी गप्प बसणार नाही, हा माझा शब्द.